पहिल्या भेटीतली पंधरा मिनिटं

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

ज्या शिक्षणसंस्थेत शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिले. तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत आणि वर्तमानपत्रांतही चर्चा चालू आहे ती पदांची. मानधन कोण देणार, पदवी कोणती चालणार, बसायला खोली कुठून आणणार? हे प्रश्न खरेच आहेत. मी आधी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते आणि आता सांगलीत, विश्रामबागेत, स्वतः समुपदेशन करते. नेमणुका व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं. पण नेमलेल्या माणसाने समोर पहिल्यांदा बसलेल्या मुलाला काय सांगायचं, त्याची परवानगी कशी घ्यायची, याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही. ते राहून गेलं तर खोली असेल, पाटी असेल, पगारही निघेल, आणि मुलं मात्र तोंड उघडणार नाहीत. म्हणून हे पत्र.

(पुढे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ती माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वय, गाव, नाती बदलली आहेत. ज्यांच्याशी संपर्क होऊ शकला त्यांना विचारलं आहे.)

गेल्या पावसाळ्यात एक तरुणी माझ्याकडे आली. शिकलेली, नोकरी करणारी. खुर्चीत बसली, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरलेली, आणि मी माझं नाव सांगायच्या आतच तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही रेकॉर्डिंग करता का?" मी नाही म्हटलं. तिची नजर टेबलावरच्या माझ्या फोनवर होती. मी तो उचलून बाहेरच्या खोलीत कपाटात ठेवून आले, तेव्हा कुठे ती बोलायला लागली. आधी ती दुसऱ्या शहरातल्या एका केंद्रात जात होती. काही भेटींनंतर तिला कळलं, की तिचं बोलणं रेकॉर्ड होतंय आणि ते प्रशिक्षणार्थींना ऐकवलं जातंय. जाब विचारल्यावर तिच्यापुढे तिच्याच सहीचा कागद ठेवण्यात आला. बारीक टाइपातली इंग्रजी पानं, आणि मधे कुठेतरी एका ओळीत रेकॉर्डिंगचा उल्लेख. तिचं इंग्रजी उत्तम आहे. पण त्या पहिल्या दिवशी मागे माणसं उभी होती, रडू कसंबसं आवरलेलं होतं, आणि काउंटरवरच्या मुलीने पेन पुढे करून "इथे, इथे आणि शेवटी" एवढंच सांगितलं होतं. कागदोपत्री त्या केंद्राची बाजू बरोबर असेल. तरी त्या मुलीला आपण फसवले गेलो असं वाटतं, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समजून-उमजून दिलेल्या संमतीची व्याख्या केली आहे. संमती विशिष्ट उपचारासाठी हवी. ती जबरदस्ती, दडपण, धमकी, फसवणूक किंवा गैरसमजातून आलेली नसावी. आणि त्या उपचाराचे धोके, फायदे, दुसरे पर्याय यांची पुरेशी माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि समजेल अशा पद्धतीने दिल्यानंतरच ती घ्यायची. नुसती भाषा नव्हे, पद्धतसुद्धा. आमच्यातले अनेक खासगी समुपदेशक या कायद्यातल्या 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत बसत नाहीत, त्यामुळे हे आपल्याला लागू नाही असं म्हणणारेही भेटतात. मला तो युक्तिवाद चालत नाही. ज्याला लागू आहे त्याने जे करायचं, तेच ज्याच्यावर कुणाची देखरेख नाही त्याने अधिकच काटेकोरपणे करायला हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती मागताना इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा निवडता आली पाहिजे असं म्हटलं आहे. त्या बावीस भाषांत मराठी आहे. तरी आमच्याकडे फिरणारे फॉर्म इंग्रजीत, आणि तेही परदेशातल्या एखाद्या फॉर्मवरून उतरवलेले. काहींत तिथल्या कायद्यांची नावंही तशीच राहिलेली मी पाहिली आहेत.

तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदारांना त्यांच्या मुलाने आणलं होतं. साठी ओलांडलेली. झोप नाही, जेवण नाही, बागेकडे फिरकत नाहीत. मी कागद पुढे सरकवला तसे ते खुर्चीत मागे झाले. "सही कशाला? कशाचं हाय ह्ये?" ज्यांची हयात सोसायटीच्या कर्जात, दुसऱ्याला जामीन राहण्यात आणि तलाठ्याकडच्या फेरफारात गेली, त्यांना सहीची धास्ती वाटणारच. भावकीतल्या एकाला जामीन राहून त्यांनी ते कर्ज स्वतः फेडलं होतं, हे मला नंतर कळलं. मी कागद बाजूला ठेवला आणि सगळं तोंडी सांगितलं, सावकाश. मग म्हटलं, "काका, मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मी बोलायचं, तुमी ऐकायचं. गोळी तुमी देणार न्हाई. हितलं बाहीर जाणार न्हाई, पर जिवाचं बरंवाईट करायचं डोक्यात आलं तर पोराला सांगणार. आन् नको वाटलं तर मी यायचं बंद करणार, तुमी रागावणार न्हाई." शेवटचं वाक्य तर मी त्या शब्दांत म्हटलंही नव्हतं. ती संमती मला कुठल्याही वकिली मसुद्यापेक्षा पक्की वाटते. सही त्यांनी पुढे एका भेटीत आपणहून मागून केली.

मी नेमकं काय सांगते, ते लिहिते, कारण नवीन नेमणूक झालेली मुलं-मुली मला हे विचारतात. आधी माझं शिक्षण: मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर आहे, समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं आहे, डॉक्टर नाही, औषध लिहून देऊ शकत नाही. 'समुपदेशक' अशी पाटी आज कुणीही लावतो, त्यामुळे हे सांगणं भाग आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, माझी तशी नाही, हेही सांगते. मग भेट किती वेळाची, फी किती, येणं जमणार नसेल तर कधीपर्यंत कळवायचं, आणि कळवलं नाही तर काय. मधल्या दिवसांत व्हॉट्सॲपवर मेसेज आला तर मी फक्त वेळ ठरवण्यापुरतं उत्तर देते. रात्री दोन वाजता जीव घाबरला तर माझी वाट पाहायची नाही, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं. मी वहीत काय लिहिते आणि ती वही कुठे कुलपात असते, ते दाखवते. महिन्यातून एकदा मी एका ज्येष्ठ सहकाऱ्याशी माझ्या कामाबद्दल बोलते, तिथे नाव-गाव सांगत नाही, पण गोष्ट सांगते. हे चालेल का, असं विचारते. नाही म्हणणारे असतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

गावात राहणाऱ्यांसाठी आणखी एक. "बाजारात, लग्नात, गणपतीत आपण समोरासमोर आलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर मीही हसेन." हे ऐकल्यावर खांदे सैल होतात. सांगलीएवढ्या गावात माणसाला पहिली काळजी हीच असते, की उद्या ही बाई आपल्या चुलत जावेच्या घरी हळदीकुंकवाला भेटेल.

गोपनीयतेला अपवाद असतात आणि ते आधीच सांगावे लागतात. स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश. वकिलाला अशिलाच्या बोलण्याबाबत कायद्याचं जे संरक्षण आहे ते समुपदेशकाला नाही. घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या नवरा-बायकोंना तर हे मी दोनदा सांगते, कारण खोलीत बोललेलं पुढे कोर्टात वापरू पाहणारे वकील असतात. 'इथलं काहीही बाहेर जाणार नाही' असं सरसकट आश्वासन देणारा समुपदेशक जे आपल्या हातात नाही त्याची हमी देत असतो.

आणि धोका. समुपदेशनाने काय वाईट होणार, नुसतं बोलायचं तर आहे, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं वर आलं, की पहिले काही आठवडे झोप आणखी उडते, रडू येतं, घरात चिडचिड होते. एखादी बाई पहिल्यांदाच 'मला हे चालणार नाही' असं म्हणायला शिकते आणि घरात वादळ उठतं. कुणाला उपयोगच होत नाही. हे सगळं फी घेण्याआधी सांगायला हवं. काहींना मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन औषध घेण्याची गरज असते, काहींना दोन्हीची. ते पर्याय लपवून आपल्याकडे भेटी चालू ठेवणं मला अनैतिक वाटतं.

सगळ्यात गुंता होतो तो आणणारा एक आणि आलेला दुसरा असतो तेव्हा. अकरावी सायन्सचा मुलगा, सोबत नीटचा क्लास, आणि वडील. "मॅडम, पैसे आम्ही भरतोय, मग पोरगं काय बोललं ते आम्हाला कळायला नको?" हा प्रश्न मला वडिलांचा उद्धटपणा वाटत नाही. त्यात काळजी असते, भीती असते. मूल अठराच्या आतलं असेल तर पालकांची परवानगी लागतेच. पण ती पुरेशी नाही. मुलालाही वेगळं विचारावं लागतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी तिघांना एकत्र बसवते आणि मुलासमोर वडिलांना सांगते, की तो आला की नाही हे तुम्हाला कळेल, त्याच्या जिवाला धोका दिसला तर त्याच दिवशी कळेल, एकूण सुधारणा आहे की नाही तेही कळेल, पण त्याने काय सांगितलं ते कळणार नाही. हे मान्य असेल तरच पुढे जाऊ. मग वडिलांना बाहेर बसवून मुलाला विचारते, "तुला यायचंय का?" एका मुलाने सरळ सांगितलं, "नाही." मी वडिलांना बोलावून तसं सांगितलं आणि ते दोघं परत गेले. काही महिन्यांनी तो मुलगा एकटा सायकलवरून आला, मी घरी फोन करून परवानगी घेतली आणि मग आम्ही सुरुवात केली.

सुनेला घेऊन सासू येते. "हिला जरा समजावून सांगा." फी सासूच्या पर्समधून निघते, सून खाली बघत असते. अशा वेळी मला २००८ चा समीरा कोहली खटला आठवतो. रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की रुग्ण सज्ञान आहे, स्वतः निर्णय घेऊ शकणारी आहे, तात्पुरती बेशुद्ध आहे एवढ्यावरून आईची संमती तिची होत नाही. तपासणीसाठी दिलेली परवानगी शस्त्रक्रियेलाही चालत नाही, हेही त्याच निकालात आहे. ती शस्त्रक्रिया होती, इथे नुसतं बोलणं आहे. पण सज्ञान बाईच्या वतीने दुसऱ्या कुणी 'हो' म्हणायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच. मी सासूबाईंना चहा देऊन बाहेर बसवते आणि सुनेला विचारते, की तुम्हाला स्वतःसाठी काही बोलायचं आहे का, की दोघींनी मिळून बसायचं आहे, की काहीच नको? तिन्ही उत्तरं मला चालतात. कंपनीच्या एचआरकडून पाठवलेल्या कर्मचाऱ्याबाबतही हेच. अहवाल कुणाकडे जातो, त्यात काय असतं, हे त्याला आधी माहीत हवं.

आता जी गोष्ट शाळा-कॉलेजच्या नव्या समुपदेशकांना सगळ्यात जड जाणार आहे ती. अठराच्या आतल्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, की ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि अठराखालच्या मुलीने खुशीने ठेवलेला शरीरसंबंधही या कायद्याच्या नजरेत गुन्हाच. बारावीतल्या सतरा वर्षांच्या मुलीचं वर्गातल्या मुलावर प्रेम असेल आणि गोष्ट पुढे गेली असेल, तर ती मला सांगितल्यावर माझ्याकडे गप्प राहण्याचा पर्याय उरत नाही. हे तिला आधी सांगायचं की नाही?

माझ्या काही सहकाऱ्यांचं म्हणणं आहे, सांगू नका. सांगितलं तर ती बोलणारच नाही, आणि ज्या मुलीवर खरोखर घरातल्याच कुणी हात टाकला आहे तीसुद्धा गप्प बसेल. हा मुद्दा हलका नाही, आणि यावर माझी झोप उडालेली आहे. सांगितल्यानंतर काही मुली पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या मनात काय होतं ते मला कधीच कळणार नाही. तरी मी सांगते. न सांगता तिचं बोलणं काढून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी दारात पोलीस उभे करायचे, हे ज्या मुलीच्या बाबतीत होईल ती आयुष्यात पुन्हा कुणाला काही सांगणार नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलींनाही चार दिवसांत कळेल, की त्या खोलीत काय होतं. आधी सांगितलं, तर निदान कधी बोलायचं, आईला सोबत घ्यायचं का, हे ठरवणं तिच्या हातात राहतं. मी तिला हेही सांगते, की कळवायची वेळ आली तर तुला न सांगता कळवणार नाही, आणि तिथे तू एकटी नसशील. कायद्याची ही अट किशोरवयीन प्रेमसंबंधांना लावावी का, यावर चर्चा व्हायला हवी. पण तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

एक अपवाद नोंदवते. माणूस आत्महत्येच्या विचारात, थरथरत आलेला असेल तर त्याला नियम ऐकवत बसायचं नसतं. आधी पाणी, आधी सुरक्षितता, घरातल्या कुणाला तरी बोलावणं, गरज असेल तर रुग्णालय. बाकीचं तो सावरल्यावर. आणि एरवीही हे एकदाच सांगून होत नाही. पहिल्या दिवशी घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात त्यातलं अर्धंच शिरतं. मी काही भेटींनंतर पुन्हा विचारते, की आपण जे करतोय ते तुम्हाला हवं तसं चाललंय का, काही बदलायचंय का. नवीन काही सुरू करायचं असेल, उदाहरणार्थ नवऱ्याला बोलावून एकत्र बसायचं असेल, तर त्याची परवानगी नव्याने घेते.

वेळ कुठे आहे, असं शाळेतले समुपदेशक म्हणतात. एकेका मुलाला एक तास मिळतो, त्यातली पंधरा मिनिटं यातच गेली तर? जाऊ द्यात. त्या पंधरा मिनिटांत मूल आपल्याकडे बघत असतं, हा माणूस खरं बोलतो का ते चाचपत असतं. उपचार तिथेच सुरू झालेला असतो.

तेव्हा माझ्या दोन विनंत्या आहेत. ज्या शाळा-महाविद्यालयांनी समुपदेशक नेमले आहेत किंवा नेमणार आहेत, त्यांच्या मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी त्या व्यक्तीला रुजू होण्याच्या दिवशीच लेखी द्यावं, की विद्यार्थ्याने काय सांगितलं ते आम्ही तुम्हाला विचारणार नाही, आणि तुमची वही तपासणीला मागणार नाही. हे संस्थेने दिलं नाही तर समुपदेशक मुलाला कुठल्या तोंडाने शब्द देणार? दुसरी विनंती विद्यापीठांच्या मानसशास्त्र आणि समाजकार्य विभागांना. पालकांसाठी एक, मुलांसाठी एक आणि मोठ्यांसाठी एक, असे साध्या मराठीतले मसुदे त्यांनी तयार करावेत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ते कुणाच्या तरी चांगल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. माझ्या रोजच्या वापरातला दोन पानी मराठी मसुदा मी या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवत आहे. ज्या शाळेला किंवा समुपदेशकाला हवा असेल त्यांना तो आपल्याकडून द्यावा. त्यात आपापल्या गरजेप्रमाणे बदल करायला माझी हरकत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांच्या सोयीसाठी माझं नाव मात्र छापू नये.

आपली,
एक समुपदेशक, विश्रामबाग, सांगली